जांभळ्या कडेचं अभ्रक

९ जून

खडू,

पत्र उघडलंसच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. मी रडगाणं गायला बसलेले नाही. काम आहे.

बाबांच्या दगडाबद्दल लिहितेय. तुझ्या वाट्याचा अर्धा अजून तुझ्याकडे आहे का, एवढं एकच मला कळव. बोटीवर पत्र लिहायला सवड नसेल तर कार्ड टाक. एका ओळीचं कार्ड लिहिण्यात तू तरबेज आहेस. बाबा गेल्यापासून तुझी जी काही कार्डं आली त्या सगळ्यांचा मिळून एक धड परिच्छेद होणार नाही. ‘बरा आहे. इथे गरम आहे.’ ‘बरा आहे. इथे थंड आहे.’ इंजिनाच्या खोलीत घाम गाळण्यापेक्षा हवामान खात्यात गेला असतास तर बढती तरी मिळाली असती.

झालं असं, की गेल्या आठवड्यात खालच्या वहिनींनी, म्हणजे माझ्या घरमालकीणबाईंनी, घराला रंग काढला. रंगाऱ्याने खिडकीतला दगड उचलून स्टुलावर आदळला आणि त्याचा एक पापुद्रा सुटून खाली पडला. मी रंगाऱ्यावर इतकी ओरडले की बिचारा शिडीवरूनच माफी मागायला लागला. मग पापुद्रा उचलून उजेडात धरला. तुला आठवतोय ना? मध्ये काचेसारखा स्वच्छ, जरासा चंदेरी, आणि भोवती सगळीकडून सारखी, नखाच्या काठाएवढी फिकट जांभळी कड. तू त्याला किनारीचा रुमाल म्हणायचास. एकदा नाक पुसायचाही प्रयत्न केला होतास.

बाबांनी आपल्याकडून शब्द घेतला होता, की या दगडाचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, एकट्याने हात लावायचा नाही. मी जन्मभर कॉलेजात मुलांना सांगत आले, दगड हातात आला की ओरखडा, ठोका, तापवा, आम्ल टाका. आणि घरच्या दगडाला मी साधी टाचणी लावली नाही. पण हा पापुद्रा आपणहून पडला होता. पडलेल्याला शब्द लागू होत नाही, असं मी ठरवलं. हरकत घ्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

चिमट्यात धरून गॅसवर नेला. मधला भाग नुसता पांढुरका झाला आणि जागच्या जागी राहिला, साधं अभ्रक राहतं तसा. कड ज्योतीत गेली मात्र, ज्योत एकदम लालभडक झाली. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. कड फसफसली, फुगली, वितळली आणि तिचा पांढरा मणी झाला. मी तशीच उभी राहिले. खालून वहिनींचा आवाज आला, "बाई, काही करपलं का हो?"

"नाही वहिनी. दगड भाजतेय."

"बरं बरं," म्हणाल्या आणि गेल्या. त्या मला काय समजत असतील ते तूच ठरव.

अशी लाल ज्योत म्हणजे लिथियम, खडू. नुसत्या जांभळ्या रंगावर माझा कधीच विश्वास नव्हता. तो रंग थोड्याशा मँगनीजने येतो, आणि साधं अभ्रकही तसं गुलाबी दिसू शकतं. बाबा ‘असा दगड पुन्हा दिसायचा नाही’ म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, खाणीतला माणूस आहे, आपल्या खाणीचं कौतुक करणारच. पण एकाच पापुद्र्यात मध्ये साधं अभ्रक आणि कडेला लिथियमचं! मधे जोड नाही, भेग नाही. वाढता वाढता एक अभ्रक दुसरं झालंय. कडेचा उरलेला चुरा मी तपासायला पाठवला आहे.

तेव्हा सांग. तुझा अर्धा आहे ना?

तुझी कार्डं कॉलेजच्या पत्त्यावर येतात. घरचा पत्ता वर लिहिला आहे. बाबांचं घर सोडून मी इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. तुला कळवलं नव्हतं, कारण तू विचारलं नव्हतंस.

ताई


२ जुलै

खडू,

तुझं उत्तर नाही. बोट कुठल्या बंदरात आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून मी कंपनीच्या पत्त्यावरच लिहीत राहणार. तुझ्या टेबलावर पत्रांचा ढीग साचला तर तुझं तू बघ.

तपासणीवाल्या बाईंचा फोन आला. आवाजावरून माझ्यापेक्षा बरीच लहान, आणि उत्साह एवढा की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मॅडम, हा तुकडा आला कुठून? अजून आहे?"

"आहे. अर्धा."

"आणि बाकीचा अर्धा?"

"समुद्रावर."

पलीकडे त्यांचं पेन खरखरलं. मग म्हणाल्या, "म्हणजे किनाऱ्यावर का?" मी म्हटलं, "नाही हो, बोटीवर. भावाकडे."

त्यांना कडेत सीझियम सापडलंय, आणि नेहमी सापडतं त्याच्या कितीतरी पट. असं अभ्रक त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही. पण खात्रीने बोलायचं तर लिथियम किती आणि पाणी किती ते मोजायला हवं. लिथियम इतकं हलकं की त्यांच्या नेहमीच्या यंत्राला ते दिसतच नाही. त्यासाठी कड आम्लात विरघळवायची, थोडी तापवून पाणी उडवायचं. म्हणजे जे मोजलं ते गेलं. आणि कड आहे केवढीशी! एवढ्या सगळ्या चाचण्या एकट्या माझ्या तुकड्यावर करायच्या, तर त्याची सगळी कड संपेल आणि मागे नुसतं मधलं साधं अभ्रक उरेल. दोघांच्या तुकड्यांतून घेतलं तर दोघांकडेही निम्मी तरी कड राहील. दुसरा दगड आणायचा कुठून? खाण बंद पडली, पंप काढून नेले, आता तिथे काठोकाठ पाणी आहे. जगात असलेलं ते एवढंच, तुझ्याकडचं आणि माझ्याकडचं.

यंत्रावर आपला नंबर सप्टेंबरच्या अखेरीस आहे. मी त्यांना म्हटलं, भावाला विचारल्याशिवाय काही देणार नाही. त्या म्हणाल्या, "विचारा ना मग." जसं काही तू शेजारच्या खोलीत बसला आहेस.

काल कॉलेजातून आल्यावर जेवायला बसावंसं वाटलं नाही, ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. हल्ली तसंच करते. एक ताट, एक पेला, धुवायला कितीसं लागतं? मग दगड मांडीवर घेऊन बसले. खाणीच्या वसाहतीतल्या आपल्या पायरीवर बसून बाबा सांगायचे ते आठवलं. जमिनीखाली वितळलेल्या दगडाचा रस हळूहळू निवत जातो. आधी फेल्डस्पारचे खडे बनतात, मग गारगोटी, मग साधं अभ्रक. बाबा म्हणायचे, "बस लागल्यावर कसं होतं? ज्याला जागा सापडली तो बसतो. पण काही फार बारके, काही फार जाडे. ते कोणाच्याच सीटवर मावत नाहीत. गाड्या भरून निघून जातात आणि हे आपले स्टँडवर. होता होता स्टँडवर सगळे असलेच उरतात. मग शेवटची गाडी येते, ती ही जांभळी."

बारकं म्हणजे लिथियम आणि जाडं म्हणजे सीझियम, हे मी फार पुढे पुस्तकात वाचलं. त्यांनी वाचलं नव्हतं. खाणीत कुठे काय कशाशेजारी सापडतं ते बघून त्यांनी आपलं आपण लावलं होतं. आणि तू विचारलं होतंस, "बाबा, शेवटच्या गाडीतपण जागा नाही मिळाली तर?" तुला सगळ्यात अवघड तेच विचारायची खोड. बाबा म्हणाले, "शेवटच्या गाडीत सगळ्यांना घेतात रे."

तू पहिल्यांदा बोटीवर निघालास तेव्हाची संध्याकाळही आठवली. बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दगड उभा धरला, पातळ सुरीचं टोक मधोमध लावलं, हलकेच टिचकी मारली आणि वही उघडावी तसा तो उघडला. मी म्हटलं होतं, करवतीने कापा, दोन सरळ तुकडे होतील. मला हसले. "कापला तर एकाला कड जास्त जाईल, एकाला कमी. उघडला की प्रत्येक पानात मधलंही आहे आणि कडही आहे. कितीही पातळ काढ, प्रत्येक पान पूर्ण." मग आतली चकाकती बाजू आपल्यासमोर धरली, "बघा, ही आत्ता पहिल्यांदा उजेड बघतेय. अजून कोणाचा हात लागला नाही हिला." आणि तू लगेच त्यावर अंगठा उमटवलास.

सुरी काढताना घसरली आणि कोपऱ्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा आला. तू भुणभुण लावलीस, "माझ्यावर ओरखडा आलाय, मला ताईचा द्या." बाबांनी दोन्ही तुकडे समोरासमोर धरून दाखवले. ओरखडा दोघांवर, एकाच जागी, एकाच मापाचा. तेव्हा कुठे गप्प बसलास.

माझ्या तुकड्यावर तो अजून आहे. बोट फिरवलं की लागतो.

ताई


२८ जुलै

तुझं कार्ड मिळालं. ‘दगड आता माझ्याकडे नाही. बरा आहे.’

छान. बरा आहेस हे वाचून आनंद झाला. दगड गेला तर गेला, तू बरा असल्याशी मतलब. कुठल्या बंदरात विकलास? का खिसा जड होतो म्हणून समुद्रात टाकलास? निदान तेवढं तरी लिहायचं. दोन ओळींच्या तीन ओळी केल्या असत्यास तर शाई संपली असती का?

मी कार्ड स्टाफरूममध्ये वाचलं. आमचे विभागप्रमुख समोर बसले होते. त्यांना या दगडाचं माझ्याहून जास्त वेड लागलंय. म्हणाले, "काय म्हणतात भाऊ? देणार ना?" मी म्हटलं, "हो हो, म्हणतायत बघू." त्यांच्यासमोर तुझी लाज राखली. का राखली कोण जाणे. सवय म्हणून असेल. दवाखान्यातही तेच करत होते.

तेव्हाचं मी तुला कधी लिहिलं नाही, आज लिहिते. बाबांची छाती खाणीच्या धुळीने भरली होती, बोलताना अर्ध्यावर दम संपायचा. सकाळी मी गेले की पहिला प्रश्न एकच, "खडू कुठवर आला?" मी सांगायचे, निघालाय. दुसऱ्या दिवशी सांगायचे, अर्ध्या वाटेवर आहे. नंतर नंतर तर तुझ्यासाठी मी गाड्या चुकवल्या, विमानं उशिरा सोडली, वादळं आणली. एवढ्या थापा मी जन्मात मारल्या नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि माझा हात थोपटला. त्यांना सगळं कळलं होतं. उलट तेच माझी समजूत काढत होते. आणि तुझी बोट तेव्हा बंदरात उभी होती, खडू. मी कंपनीत फोन करून विचारलं होतं. तार तुझ्या हातात पडली होती. रजा मंजूर झाली होती.

तू का आला नाहीस ते मी कधी विचारलं नाही. वाटायचं, सांगेल कधीतरी. तू लिहिलंस, ‘इथे गरम आहे.’

अभ्रकाचं पान वाकवलं तर वाकतं, सोडलं की पुन्हा सरळ. कितीही वाकवा, घडी म्हणून पडत नाही. आपल्या घरात सगळी त्याच जातीची. मला वाटायचं तूही असशील. राग उतरला, लाज उतरली, की होशील पुन्हा होतास तसा. म्हणून इतकी वर्षं थांबले. पण आता तूच सांगतोयस, तुझ्याकडे काही राहिलं नाही.

असू दे. माझ्या एकटीच्या तुकड्याची कड मी देऊन टाकते. नाही तरी खिडकीत पडूनच आहे. कोणीतरी मोजलं तर निदान कळेल तरी, की इथे काहीतरी होतं.

तुला पुन्हा त्रास देणार नाही.


२१ ऑगस्ट

खडू

अक्षर वाकडं आहे. पेन खराब आहे.

त्रास देणार नाही म्हटलं होतं. देतेय. थोडक्यात लिहिते. कड अजून दिली नाही. दोनदा सुरी हातात घेतली. बाबा एका टिचकीत पान काढायचे, तू तर त्यांच्याहून पातळ काढायचास, फुंकर मारली की उडेल असं. माझंच पान नेहमी कोपऱ्यात फाटायचं. आता तर

बरं, पेन खराब नाही. जिन्यावरून पडले, मनगट मोडलं. उजवं. प्लास्टर आहे. हे डाव्या हाताने लिहितेय. वहिनी रोज दोनदा वर येतात, वेणी घालून देतात, भाजी चिरून देतात. काल म्हणाल्या, "बाई, तुमचं कोणी नाही का हो? कळवायला हवं का कोणाला?"

मी म्हटलं, भाऊ आहे.

"मग येतील ना?"

मी म्हटलं, लांब असतो.

पुढे त्यांनी विचारलं नाही. वेणी मात्र जास्तच घट्ट घातली.

मला फार एकटं वाटतं, खडू. हे मी कोणाला म्हणत नाही. कॉलेजात मी बडबडी आहे, मुलं मला घाबरतात, सगळं छान आहे. घरी आलं की रेडिओ लावते. तुझ्या बाजूच्या समुद्राचं हवामान सांगतात, ते ऐकते. तुझी बोट कुठे आहे ते माहीत नसतं, म्हणून सगळ्याच समुद्रांचं ऐकते.

दगड गेला तर जाऊ दे. त्याच्यावरून बोलले ते मनावर घेऊ नकोस. बाबांचं बोलले ते घे, ते खरं आहे. पण म्हणून कार्ड टाकायचं बंद करू नकोस. एक ओळ चालेल. गरम का थंड ते लिही.

ताई


१९ सप्टेंबर

खडू,

तुझं पार्सल पोचलं.

पोस्टमन जिना चढून आला, सही करून घ्यायला. प्लास्टर काल निघालं, बोटं अजून लाकडासारखी आहेत, सही म्हणून काय रेघोट्या ओढल्या देव जाणे. बुटाच्या खोक्याएवढं, ताडपत्रीत गुंडाळलेलं, दोरीच्या त्या बोटीवरच्या गाठी. गाठी वहिनींनाही सुटेनात. शेवटी विळीवर धरून कापल्या. मला वाटलं, माझीच पत्रं परत पाठवलीस.

आत पाकिटं निघाली. निरनिराळ्या बंदरांतली निरनिराळी पाकिटं, कोणी निळी, कोणी पिवळी पडलेली, एकावर तेलाचा डाग. सगळ्यांवर तुझ्या हाताने माझं नाव. एकावरही तिकीट नाही. एकही टाकलेलं नाही. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, एवढी पत्रं!" मी पहिलं उघडलं. आत कागद नव्हता. एक पापुद्रा होता. सबंध, कोपरा न फाटलेला, चारी बाजूंनी जांभळी कड.

दुसरं उघडलं. त्यातही तेच. मग मी उघडत गेले आणि वहिनी माझ्या मांडीवर पाकिटं ठेवत गेल्या.

दगड तुझ्याकडे नव्हता म्हणालास ते खरंच होतं म्हणायचं. तो माझ्या नावाने पाकिटांत होता. पत्र लिहायला बसायचास, शब्द सुचायचा नाही, मग एक पान काढून आत घालायचास आणि पेटीत टाकायचास. असंच ना? तसं नसेल तर मला सांगू नकोस. गाढवा, एक जरी पाठवलं असतंस! पापुद्रा बघून मला सगळं कळलं असतं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण मला कळलं असतं.

पाकिटांच्या मागच्या बाजूला तू तारखा घातल्या आहेस. सगळ्यात जुनी तारीख बाबा गेले त्या दिवसाची आहे. त्यातल्या पानावर अंगठ्याचा ठसा आहे, सबंध अंगठा, जोरात दाबलेला. ते पान मी फार वेळ हातात धरून बसले. मग रडले. वहिनींनी पाणी आणून दिलं.

सुरुवातीच्या पाकिटांवर बाबांच्या घराचा पत्ता आहे. पण पुढच्या पाकिटांवर या घराचा आहे. जिन्याच्या खुणेसकट. मी तर तो तुला पहिल्यांदा या जूनमध्ये कळवला. कोड्यात पडले. मग एक पांढरं पाकीट हाताला लागलं, झाकणावर दुकानाचा शिक्का असलेलं. शिक्का आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याचा आहे. मी त्याच्याकडूनच कागद आणते. हाच कागद.

वहिनींना दाखवलं. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं आणि कपाळावर हात मारला. "अहो बाई, उंचसा, जरा पोक काढून चालतो, तो का? दोन-तीन वर्षं झाली असतील. समोरच्या फुटपाथवर उभा होता, वर तुमच्या खिडकीकडे बघत. मी म्हटलं कोण हवंय? तुमचं नाव घेतलं. म्हटलं, बाई कॉलेजात आहेत, येतीलच, वर जाऊन बसा. तर म्हणाला, नको, माझे बूट ओले आहेत."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं पुसून जा. तोवर वळलासुद्धा होता. मला वाटलं कोणी वर्गणीवाला."

बूट ओले आहेत! खडू, पत्ता कुठून तरी शोधून आलास. तू खिडकीत दगड बघितलास. तो तिथेच असतो. तुला दिसला असणार. तू कोपऱ्यावर जाऊन पाकीट विकत घेतलंस, त्यात पान घातलंस, त्यावर माझा पत्ता लिहिलास, जो तुझ्या डोळ्यांसमोर होता, आणि पाकीट घेऊन परत बोटीवर गेलास. मी तेव्हा दोन रस्त्यांपलीकडे मुलांना शिकवत होते, अभ्रकाची पानं वेगळी का होतात ते.

संध्याकाळी मी सगळी पानं तारखांप्रमाणे एकावर एक रचली. नीट जुळतात, कडेला कड. पण एकदा सुटलेली पानं पुन्हा एकजीव होत नाहीत. मधे हवा राहते, आणि हवा राहिली की त्या जागी रंग दिसतात, पाण्यावर तेल पडल्यासारखे, हिरवे, गुलाबी, फिरते. आधी अखंड असताना हे रंग नव्हते. मी दिव्याखाली धरून बघत बसले. वहिनी म्हणाल्या, छान दिसतंय. खरंच छान दिसतं.

आज सकाळी तपासणीवाल्या बाईंना फोन केला. सांगितलं, दुसरा अर्धा मिळाला. त्या आनंदाने ओरडल्याच. "सुटी पानं? मग तर फारच सोपं! कडा कापून लगेच पाठवा, पुढच्या आठवड्यात नंबर आहे." मी म्हटलं, इतक्यात नाही. बाबांनी सांगितलंय, दोघांनी मिळून ठरवायचं.

"पण त्यांनी पाठवलं म्हणजे त्यांचा होकारच ना, मॅडम?"

"पाठवलं म्हणजे ठरवलं नव्हे," मी म्हटलं.

"नंबर जाईल. पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. थांबायचं तरी किती?"

"भाऊ येईपर्यंत."

त्या नाराज झाल्या. होऊ देत. जमिनीखालचा तो रस निवायला जेवढा वेळ लागला त्यापुढे त्यांचं यंत्र काय घेऊन बसलाय! बारक्यांची आणि जाड्यांची सोय लागायला वेळ लागतोच. आई गेली, बाबा गेले, खाणीची वसाहत पांगली. स्टँडवर आता तू आणि मी.

आता कामाचं. तुझी पानं रचून मी माझ्या अर्ध्यावर ठेवून बघितली. कड जुळली. पण ओरखडा जुळेना. माझ्या बाजूची चंद्रकोर आहे तिथेच आहे, आणि तुझ्या पानांतल्या एकावरही तिची जोडी नाही. सगळी उलटून पालटून बघितली. मग खोक्याच्या तळाशी पडलेलं शेवटचं पाकीट बघितलं. नवंकोरं आहे, तारीख ऑगस्टअखेरची आहे, माझं डाव्या हाताचं पत्र तुला मिळालं असेल त्याच्या आसपासची. त्यात काही नाही. मी फुंकर मारून बघितलं, हलवून बघितलं. रिकामं आहे.

म्हणजे माझ्या अर्ध्याला लागून जे पान होतं, ते तू ठेवून घेतलंस. इतकी वर्षं वरून एकेक पान काढत गेलास आणि ते शेवटाला राखलंस.

ते पोस्टाने पाठवू नकोस, खडू. पोस्टात फाटेल. हातात घेऊन ये. बूट ओले असले तर ओले राहू दे. जिना मी पुसेन.

ताई